साताऱ्याहून आलेला अभिप्राय

आमच्या ‘वैद्यकदीपिका’ मासिकाच्या डिसेंबरच्या अंकात दरवर्षी पहिल्या पानावर ‘वर्षाचा आढावा’ छापला जाई. तो संपादक डॉ. विष्णुपंत माईणकर लिहीत, आणि त्यासाठी लागणारे आकडे मी, म्हणजे सहसंपादक डॉ. अनंत ताम्हनकर, काढून देत असे. दोघांचेही दवाखाने सांगलीत, एकाच रस्त्यावर, समोरासमोर. विष्णुपंत माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. त्यांच्या दवाखान्यात रोग्यांची रांग लागे आणि मी माझ्या दवाखान्यात बसून ती रांग बघे. मासिकाचं बरंचसं काम माझ्याकडे येण्याचं खरं कारण हेच होतं.

मासिक निघालं १९४० साली. तालुक्याच्या गावी एकटा पडलेला डॉक्टर इंग्रजी नियतकालिकं मागवतो पण उघडत नाही. त्याला त्याच्या भाषेत कोणी चार गोष्टी सांगितल्या तर तो वाचील, असा विष्णुपंतांचा विचार. विचार चांगला होता. पहिली दोन वर्षं जे येईल ते आम्ही छापत गेलो. मग सर्पदंशावरचा एक लेख निघाला. त्यात पहिल्या पानावर दगावलेला रोगी तिसऱ्या पानावर लेखकाचे आभार मानून घरी गेला होता. एका वर्गणीदारानं ही चूक पोस्टकार्डावर कळवली, म्हणजे ती पोस्टमननंही वाचली. तेव्हा मी सुचवलं, की विलायतेतल्या मासिकांसारखं आपणही प्रत्येक लेख दोन जाणत्या डॉक्टरांकडे पाठवावा, लेखकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवून, आणि त्यांचा अभिप्राय आल्याशिवाय काही छापू नये. विष्णुपंतांना ही कल्पना इतकी आवडली, की महिन्याभरात ती त्यांचीच झाली.

सात परीक्षक नेमले. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला त्यांची नावं पदव्यांसकट छापली. आता कामाचं सांगतो. कराडचे परीक्षक प्रत्येक लेखावर ‘उत्तम. छापावा.’ एवढंच लिहीत. एकदा चुकून दंतमंजनाच्या जाहिरातीचं प्रूफ त्यांच्या पाकिटात गेलं, तर तेही ‘उत्तम. छापावा.’ असा शेरा घेऊन परत आलं. मिरजेच्या परीक्षकांना दर लेखात एकच उणीव दिसे, ती म्हणजे त्यांच्या स्वतःच्या जुन्या लेखाचा उल्लेख नाही. विट्याच्या परीक्षकांनी विषमज्वरावरचा लेख नऊ महिने ठेवून घेतला. तेवढ्यात लेखकाला स्वतःलाच विषमज्वर होऊन तो खडखडीत बराही झाला. त्रेचाळीस साली तर एक लेख पोलिसांनी अडवला. सातारा जिल्ह्यात तेव्हा भूमिगतांची धरपकड चालली होती, आणि नावावर पट्टी मारलेले कागद बघून एका फौजदाराला संशय आला. ‘आतड्यातील जंतांचा समूळ नायनाट’ हे शीर्षक त्याला सांकेतिक वाटलं. तीन आठवड्यांनी लेख सुटला. विष्णुपंत म्हणाले, “आपला लेख इतक्या बारकाईनं वाचणारा पहिला माणूस हा फौजदार.”

हे अर्थात त्यांनी चिडून म्हटलं. कारण बारकाईनं वाचणारा एक परीक्षक आमच्याकडे होता, साताऱ्याचे डॉ. लालासाहेब शिर्के. मोठं नाव. नगरपालिकेत, तालीम संघात, वाचनालयात, जिथं खुर्ची असेल तिथं अध्यक्ष. एवढ्या व्यापातून हा माणूस आठ दिवसांत लेख परत करी आणि सोबत वळणदार अक्षरात लिहिलेला अभिप्राय. एका लेखकानं हिवतापाच्या शंभर रोग्यांचा तक्ता दिला होता. साताऱ्याहून आलं, ‘तक्त्यातील बेरीज अठ्ठ्याण्णव भरते. उरलेले दोघे कुठे आहेत ते लेखकाने कळवावे.’ दुसऱ्या एकानं लिहिलं होतं, की त्याच्या काढ्यानं खोकला तीन आठवड्यांत हमखास थांबतो. साताऱ्याचा प्रश्न, ‘काढा न देता किती आठवड्यांत थांबतो?’

विष्णुपंत हे अभिप्राय चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवत. “याला म्हणतात विद्वत्ता, अनंतराव. माणूस खरा मोठा असला की प्रश्न लहान विचारतो.”

पंचेचाळीस सालच्या आढाव्याचा मसुदा त्यांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच लिहून ठेवला. आलेले लेख एकोणसाठ, छापलेले चौतीस, ‘मासिकाने शास्त्रशुद्धतेच्या मार्गावर दमदार पाऊल टाकले आहे’ वगैरे. परीक्षकांना एक परिच्छेद होता आणि लालासाहेबांना एकट्यांना दुसरा. तो आधीच्यापेक्षा मोठा होता.

त्याच सुमारास विष्णुपंतांनी स्वतःचा लेख पुरा केला. विषय नारू. आमच्या भागात पायऱ्यांच्या विहिरी पुष्कळ. उन्हाळ्यात लोक पाण्यात उतरून घागरी भरतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्या पोटरीतून तर कोणाच्या घोट्यातून हातभर लांब पांढरा दोरा बाहेर पडू लागतो. गावातल्या म्हाताऱ्या बाया तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढून काढतात. विष्णुपंतांनी यावर स्वतःचं एक द्रावण तयार केलं होतं. ते नारूच्या बाजूनं टोचायचं, की नारू आत मरतो आणि जखम भरते. दोन उन्हाळ्यांत त्यांनी सत्तर रोग्यांना ते टोचलं. लेखात आकडे होते : बरे झालेले चौसष्ट, न झालेले सहा.

“हाही लेख परीक्षकांकडे जाईल,” ते म्हणाले.

“संपादकाचा लेख? गरज नाही.”

“नियम म्हणजे नियम. लावा पट्टी माझ्या नावावर.”

पट्टी लावताना त्यांचा चेहरा असा होता, की पट्टी निघेल तेव्हा काय काय होईल हे त्यांना दिसतच होतं. एक प्रत मी कराडला पाठवली. दुसरी मिरजेला पाठवता आली असती. तिथं फार तर एक जुना लेख जोडायला सांगितलं असतं. मी ती साताऱ्याला पाठवली. का, ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. समोरच्या दवाखान्यातली रांग सात वर्षं बघत होतो, एवढंच सांगतो.

कराडहून चौथ्या दिवशी आलं, ‘उत्तम. छापावा.’ साताऱ्याहून आठव्या दिवशी आलं ते असं :

‘लेखकाची मेहनत दिसते. परंतु पुढील खुलासा व्हावा. बरे झाले म्हणून लिहिलेल्या चौसष्टांपैकी परत येऊन पाय दाखवून गेलेले किती? लेखात एके ठिकाणी म्हटले आहे की, रोगी पुन्हा आला नाही, यावरून त्यास गुण आला असे समजण्यास हरकत नाही. हरकत आहे. परत न येणाऱ्या माणसाचे काय झाले हे त्याच्या घरी जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. तूर्त छापू नये.’

विष्णुपंतांनी ते दोनदा वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

“मत्सर!” ते म्हणाले. “शुद्ध मत्सर. माझी शैली ओळखली यानं.”

“नावावर पट्टी होती, विष्णुपंत.”

“शैलीवर होती का?” त्यांनी आढाव्याचा मसुदा ओढला आणि लालासाहेबांच्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली. मग मसुदा बाजूला सारला. “नाही, असं नको. समोरासमोर बोलू. उद्याच्या गाडीनं साताऱ्याला जाऊ. तुम्हीही चला. साक्षीदार असलेला बरा.”

सातारा रोडला उतरून मोटारीनं आम्ही साताऱ्यात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. लालासाहेब जेवण आटोपून दवाखान्यातल्या आरामखुर्चीत रेलले होते. धिप्पाड, गोरे, मिशीला पीळ. आम्हाला बघून त्यांना मनापासून आनंद झाला.

“यावं, यावं! संपादक आमच्या दारात! काय काम काढलंत?”

“तो नारूवरचा लेख,” विष्णुपंत उभ्याउभ्याच म्हणाले.

“नारू? हां, हां. उत्तम लेख. छापा की.”

विष्णुपंतांनी खिशातून अभिप्रायाचा कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. लालासाहेबांनी तो वाचला. पहिल्यांदाच वाचत होते, हे लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या, मग ते कौतुकानं हसले.

“वा! आमचा केरबा बघा. अरं केरबा, जरा भायेर ये!”

आतल्या औषधं बनवायच्या खोलीतून एक माणूस बाहेर आला. पन्नाशीचा, काटकुळा, खाकी सदरा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. हातातला खल त्यानं खाली ठेवला आणि दोन्ही टाचा जुळवून उभा राहिला.

“हा आमचा कंपाउंडर, केरबा साळुंखे,” लालासाहेब म्हणाले. “पहिल्या लढाईत बसऱ्याच्या इस्पितळात होता. अक्षर बघा कसं, मोत्यासारखं! तुमचे लेख हाच वाचतो मला. मी डोळे मिटून ऐकतो. या व्यापात डोळे उघडे ठेवून ऐकायला सवड कुठाय?”

“आणि अभिप्राय?” माझ्या तोंडून गेलं.

“तोच लिहितो. सही माझी असते,” लालासाहेब थोडे दुखावल्यासारखे म्हणाले.

तीन वर्षांतल्या चहाच्या वेळा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. विष्णुपंत खुर्चीत बसले. त्यांनी केरबाला आपादमस्तक न्याहाळलं.

“शिक्षण किती झालंय?”

“सातवी पास हाय जी. मराठी सातवी.”

“नारूबद्दल तुला काय माहिती?”

“नारूबद्दल काय न्हाई, साहेब. लहानपणी मला दोनदा झाला व्हता, तेवढंच.”

“मग हा लेख छापू नये, हे कशावरून लिहिलंस?”

केरबानं एकदा लालासाहेबांकडे बघितलं. त्यांनी हातानं ‘बोल’ अशी खूण केली.

“आवं, पलटणीत सांजच्याला हजेरी व्हायची. जो जागेवर न्हाई, त्येच्या नावाम्होरं ‘मेला’ लिवायचं न्हाई, आन ‘बरा हाय’ बी लिवायचं न्हाई. ‘बेपत्ता’ लिवायचं. सापडंस्तवर बेपत्ता. इस्पितळाची वही चार वर्सं माझ्याकडं व्हती, तवा ते अंगातच भिनलं. आमच्याकडं एक सुभेदार व्हता, तो बेपत्ता माणसं हजर दावायचा. त्येच्या कंपनीत कागदावर दीडशे गडी, आन खंदकात चाळीस. ह्या लेख लिवणाऱ्यानं तसंच केलंय. दवाखान्यात फिरून आला न्हाई की लिवलं, बरा झाला.”

“आणि लेखक कसा वाटला?” हा प्रश्न मी विचारायला नको होता. पण विचारला.

“माणूस खोटा न्हाई,” केरबा विचार करून म्हणाला. “खोटा असता तर सत्तरच्या सत्तर बरं केलं असतं. हुशार बी हाय. पर खुर्चीवरनं उठत न्हाई. मोठ्या डाक्टर लोकांचं असं व्हतं. त्येंना वाटतं, रोग आपल्या दारात येतो आन दारातनंच निघून जातो.”

लालासाहेब खो खो हसले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो.

“तो लेख माझा आहे,” विष्णुपंत म्हणाले.

लालासाहेबांचं हसणं थांबलं. केरबानं सदऱ्याला हात पुसले. त्याला घाम फुटला असावा, पण आवाज तसाच राहिला.

“मग बेस झालं की, साहेब. दुसऱ्या कुणाचा असता तर पत्र घालावं लागलं असतं. रोग्यांची वही तुमच्याच टेबलावर असंल. तीत गावाची नावं बी असत्याल.”

परतीच्या गाडीत विष्णुपंत खिडकीबाहेर बघत होते. एवढंच एकदा म्हणाले, “कंपाउंडर, अनंतराव. सातवी पास.” मला वाटलं, हा विषय इथं संपला. उद्यापासून साताऱ्याचं नाव मुखपृष्ठावरून जाईल आणि लेख डिसेंबरच्या अंकात येईल.

पुढच्या रविवारी सकाळी सातला ते माझ्या दारात उभे होते. काखेत रोग्यांची वही, पायांत जाड वहाणा. पाच रविवार आम्ही हिंडलो. माधवनगरच्या गिरणी कामगारांच्या चाळीपासून सुरुवात केली, मग गाडीनं आणि पुढं बैलगाडीनं पलूसच्या बाजूची गावं. तिथली माणसं डॉक्टर दारात आलेला बघून आधी घाबरत, घरात कोण आजारी आहे म्हणून एकमेकांना विचारत.

पलूसच्या पलीकडे एका वस्तीवर धोंडुबाई भेटली. उसाच्या मोळ्या बांधत होती. वहीत तिच्या नावापुढं ‘पूर्ण बरी’ असं लिहिलं होतं. तिचा उजवा घोटा आत वळला होता.

“बाई, तुम्ही पुन्हा दवाखान्यात का नाही आलात?” विष्णुपंतांनी विचारलं.

“आवं डाक्टर, परत आले अस्ते तर तुमी फिरून टोचलं नसतं व्हय?”

भोवतालच्या बाया फिसकन हसल्या. विष्णुपंतांनी खाली बसून तिचा घोटा हातात घेतला. “दुखतं का अजून?”

“आता न्हाई. तवा लय सुजला. पू झाला. मग सासूनं पाला बांधला, नारू तुटला व्हता तो तुकडं तुकडं काढला.” मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, “पर सुई लय झ्याक व्हती हां तुमची. हात हलका हाय.”

त्याच वस्तीवर गुंडा नावाचा विशीतला मुलगा होता. त्याचा गुडघा आखडून गेला होता. त्याचा बाप आणि दोन चुलते फौजेत, आणि भरतीच्या सायबानं यालाही छाती मोजून घेतलं होतं; चालून दाखव म्हटल्यावर परत पाठवलं. “लढाई बी संपली,” तो म्हणाला, “आता काय, ऊस हायच.” त्यानं आम्हाला ऊस कापून दिला. विष्णुपंतांनी तो हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

काही जण खरोखरच बरे झाले होते. ते भेटले की विष्णुपंत लहान मुलासारखे खूश होत आणि मला म्हणत, “लिहा, लिहा. तारीख घाला.” पण असे थोडे. बहुतेकांचा नारू शेवटी घरच्या कुणीतरी काडीवरच काढला होता.

चौथ्या रविवारी आम्ही जोतिबा नावाच्या माणसाचं घर शोधत गेलो. वहीत तेविसावा. दारात त्याची बायको रंगूबाई धान्य पाखडत होती. कपाळ मोकळं होतं, ते मी आधी बघितलं, विष्णुपंतांनी नंतर.

“तुमच्याकडनं आल्यावर पंधरवड्यानं गेलं,” ती म्हणाली. “जबडा मिटला तो उघडंना. पाठीची कमान व्हायची. चार मान्सं धरायची त्येस्नी.”

धनुर्वात. नारूच्या उघड्या जखमेतून झाला की सुईतून, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. विष्णुपंतांनी वही मिटली नव्हती; बोट तेविसाव्या नावावर तसंच होतं. रंगूबाईचं लक्ष तिकडे गेलं.

“त्येंचं नाव हाय व्हय ह्यात?”

“आहे.”

“काय लिवलंय?”

विष्णुपंत म्हणाले, “बरे झाले, असं लिहिलंय.”

तिनं सुपातलं धान्य हातानं सारखं केलं.

“मग ऱ्हाऊ द्या तसंच. एका जागी तरी बरं हायत.”

तिच्यासमोर त्यांनी पेन्सिल काढली नाही. दुरुस्ती त्यांनी सांगलीत आल्यावर केली, आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला नाही. रांग बराच वेळ दारात उभी राहिली. मग त्यातले काही माझ्याकडे आले. सात वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते घडलं होतं, आणि मला त्यांना तपासताना लाज वाटत होती.

शेवटी आकडे असे निघाले. चौसष्टांपैकी एकोणपन्नास सापडले. टोचून बरे झालेले तेरा. घरी नारू ओढून काढून बरे झालेले अठ्ठावीस. पाय अधू झालेले सात. मृत एक. उरलेल्या पंधरांपुढं विष्णुपंतांनी स्वतःच्या हातानं ‘बेपत्ता’ असं लिहिलं.

इकडे छापखाना आढाव्यासाठी खोळंबला होता. डिसेंबरचा अंक जानेवारीच्या मध्याला निघाला. कारण म्हणून ‘कागदटंचाई’ छापली. लढाईत ते कारण सगळ्यांनाच उपयोगी पडलं होतं, आणि लढाई संपली तरी कोणी ते सोडायला तयार नव्हतं.

आढाव्यावरून आमचं भांडण झालं. विष्णुपंतांचं म्हणणं, परीक्षकांच्या यादीत केरबा साळुंखे हे नाव छापायचं, लालासाहेबांचं काढायचं.

“बाकीचे सहा जण राजीनामे देतील,” मी म्हणालो. “कंपाउंडरशेजारी त्यांची नावं? आणि वर्गणीदार विचारतील, याची पदवी कुठली.”

“सांगा, बसऱ्याची.”

“लालासाहेब त्याला कामावर ठेवतील का?”

याचा मात्र त्यांनी विचार केला नव्हता. त्यांनी केरबालाच पत्र लिहिलं. उत्तर आलं त्याच वळणदार अक्षरात : ‘माझे नाव छापू नये. इथे नोकरीस सोळा वर्षे झाली. साहेबांस वाईट वाटेल. साहेब मनाने चांगले आहेत, फक्त लेख वाचत नाहीत. नाव कोणाचेही असो, लेख पाठवीत जावे.’

तेव्हा जानेवारीत निघालेल्या डिसेंबरच्या अंकात, पहिल्या पानावर, लालासाहेबांवरचा परिच्छेद रेघ खोडून जसाच्या तसा छापला गेला. ‘डॉ. शिर्के यांची चिकित्सक नजर, अथक परिश्रम आणि निर्भीड मत’ ही ओळ विष्णुपंतांची. प्रूफ मी तपासलं. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक राहिली नाही.

नारूचा लेख विष्णुपंतांनी नव्यानं लिहिला. शीर्षक, ‘नारूवरील एका उपचाराचे अपयश’. तो पुन्हा पट्टी लावून दोन्ही ठिकाणी गेला. कराडहून नेहमीचे दोन शब्द आले. साताऱ्याहून आलं, ‘छापावा. फक्त एक सूचना. लेखकाने पाय मोजले, विहिरी मोजल्या नाहीत. एकोणपन्नास रोगी किती विहिरींचे पाणी पीत होते?’

विष्णुपंत परत दोन रविवार हिंडले. चार विहिरी. चारही पायऱ्यांच्या.

लेख फेब्रुवारीत आला. त्यावर जी पत्रं आली तशी आमच्या कुठल्याच लेखावर आली नव्हती. तिघांनी वर्गणी बंद केली, कारण अशा लेखांनी धंद्याची प्रतिष्ठा जाते. एकानं विष्णुपंतांच्या धैर्याचं कौतुक केलं आणि स्वतःचा अनुभव मात्र शंभर टक्के यशाचा आहे असं कळवलं. आणि पाच डॉक्टरांनी त्या द्रावणाची कृती मागितली. विष्णुपंतांनी पाचही जणांना स्वहस्ते सविस्तर पत्रं लिहून, ते टोचू नका म्हणून विनवलं. त्यातल्या दोघांनी उलट लिहिलं, की कृती गुप्त ठेवणं डॉक्टरला शोभत नाही.

आढाव्यातल्या परिच्छेदाचा परिणाम साताऱ्यात झाला. वाचनालयानं मार्च महिन्यात लालासाहेबांचा सत्कार ठरवला. प्रमुख पाहुणे, ‘वैद्यकदीपिका’चे संपादक. विष्णुपंत जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आनंदानं तयार झाले.

सभागृह भरलं होतं. लालासाहेबांनी परीक्षणाच्या कामातले कष्ट सांगितले, एकेका वाक्यावर तासन्‌तास विचार करावा लागतो म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना ते खरं वाटू लागलं होतं. मग विष्णुपंत उठले. त्यांनी एकदाही कोणाचं नाव घेतलं नाही.

“या गावच्या एका दवाखान्यातून मला एक अभिप्राय आला,” ते म्हणाले. “तो लिहिणाऱ्यानं माझ्या नावाकडे बघितलं नाही, पदवीकडे बघितलं नाही. माझ्या आकड्यांत जी माणसं हरवली होती ती त्याला दिसली. पंचवीस वर्षं वैद्यकी केली, पण रोग्याच्या घरी जायला मला त्यानं शिकवलं. अशा माणसाला मी गुरू मानतो.”

प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या आणि प्रत्येक टाळीला लालासाहेब वाकून नमस्कार करत होते. केरबा मागं दाराशी उभा होता. पाहुण्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. गुलाबदाणी हातात तशीच धरून तो खाली जमिनीकडे बघत होता.

भाषण संपल्यावर विष्णुपंत व्यासपीठावरून उतरले आणि सरळ मागं दाराकडे गेले. मी त्यांच्या मागोमाग. मला वाटलं, आता ते काहीतरी गहिवरून बोलणार. ते म्हणाले, “साळुंखे, त्या पलूसकडच्या विहिरीच्या पायऱ्या बुजवा म्हणून सांगून दमलो. गावातल्या बाया ऐकत नाहीत.”

‘साळुंखे’ म्हटल्यावर केरबानं चमकून वर बघितलं.

“कशा ऐकत्याल, साहेब? पायऱ्या बुजवल्या तर पाणी कसं काढायचं त्येंनी? आदी वर रहाट बसवा. चार दिस वापरू द्या. वरनं घागर भरायला मिळाल्यावर कोण उतरतंय खाली? मग भिंत घाला.”

“रहाट आधी,” विष्णुपंत म्हणाले, आणि सत्काराच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागं ते लिहून घेऊ लागले. “किती उंचीवर?”

दोघंही तिथंच दाराच्या पायरीवर बसले. केरबा आधी बसेना. विष्णुपंतांनी त्याच्या हातातली गुलाबदाणी काढून माझ्याकडे दिली, तेव्हा बसला. व्यासपीठावरून फोटोसाठी हाका येत होत्या. फोटो शेवटी प्रमुख पाहुण्यांशिवायच निघाला. लालासाहेबांना थोडं वाईट वाटलं, पण मधली जागा सगळी त्यांना मिळाली.

मे महिन्यात त्या वस्तीवरच्या विहिरीला रहाट बसला. पहिली घागर धोंडुबाईनं ओढली. गुंडा विहिरीच्या काठावर बसून रहाटाला तेल देत होता. महिन्याभरानं पायऱ्यांच्या तोंडाशी दगडी भिंत घातली, तेव्हा कोणी हूं का चूं केलं नाही. रहाटाच्या दिवशी मी आणि विष्णुपंत दोघंही गेलो होतो. केरबालाही बोलावलं होतं, पण त्याला रजा मिळाली नाही. लालासाहेबांकडे त्या आठवड्यात परीक्षणासाठी आमचे तीन लेख आले होते.